मयतीचा कॅमेरा

दानीएल भिंगारदिवेच्या दुकानात एक लोखंडी कपाट आहे. वरच्या कप्प्यात मोठा कॅमेरा, खालच्या कप्प्यात छोटा. दोन्ही मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले, हल्लीचे. त्यांच्यात फरक काय, हे दानीएलला विचारायचं असेल तर सवड काढून विचारा. मी एकदा सहज विचारलं आणि दोनदा चहा सांगावा लागला.

मोठा हातात घेतला की भाजलेली वीट उचलल्यासारखा वाटतो. त्यात दोन कार्डं बसतात. एक बिघडलं तरी फोटो दुसऱ्यावर शाबूत. मांडवातली लाईट गेली आणि जनरेटर चालू व्हायच्या आत नवरीच्या बापानं डोळे पुसले, तर तेही तो टिपतो. त्याला डोळा लावायला खिडकी आहे. छोट्याला खिडकी नाही, कार्ड एकच, वजन पेरूएवढं. नवशिक्यांसाठी काढलेला माल तो. "उन्हात दोघांचे फोटो शेजारी ठेवले तर तुमाला वळखू येनार न्हाई भाऊ," दानीएल म्हणायचा. "फरक कळतो त्यो अडचनीत." मी म्हटलं, आमच्या पुढाऱ्यांसारखंच आहे की. तो हसला नाही. कॅमेऱ्यावर विनोद त्याला चालत नाही.

मी नववी नापास. कायदा शिकलो तो झेरॉक्सच्या दुकानात, लोकांचे कागद वाचून. तीस वर्षं तहसील, पंचायत समिती, कलेक्टर कचेरी करतोय. माझ्या तोंडाला लागायला साहेब लोक कचरतात, हे मी नाही, तेच सांगतात. दानीएल माझ्या उलट. आम्ही एका बाकावर बसलो, एकाच चर्चचे, पण त्याचा आवाज मी वर गेलेला ऐकलेला नाही. म्हणूनच त्याच्या वाटचं भांडायची मला सवय लागली.

त्याचं पोट लग्नांवर, आणि सोनईच्या आसपास लग्नं असतात ती बहुतेक हिंदू शेतकरी घरांतली. पाच-सहा वर्षांपूर्वी एका वस्तीवर हळद चालली होती. नवरीची आजी, छबूबाई, पाटावरून उठली आणि भर मांडवात दानीएलसमोर येऊन उभी राहिली. आदल्या दिवशी तिनं त्याला आमच्या कबरस्थानात फोटो काढताना रस्त्यावरून पाहिलं होतं. "कालच्या मयतीत ह्योच व्हता का रं तुझ्या गळ्यात?" तिनं कॅमेऱ्याकडं बोट दाखवून विचारलं. नाही म्हणायला काय झालं होतं? पण हा म्हणाला, व्हय आजी. हळद अर्धा तास थांबली. म्हातारीनं तांब्यातून गोमूत्र आणून थेट लेन्सवर शिंपडलं, तेव्हा कुठं पोरीला हळद लागली.

त्या आठवड्यात दानीएलनं छोटा कॅमेरा आणला. मोठा लग्नाचा, छोटा मयतीचा. एकाचं काम दुसऱ्याला सांगायचं नाही.

मी त्याला दुकानात जाऊन झापलं. म्हटलं, तू शिकलेला माणूस, ही अंधश्रद्धा पाळतोस? जिवंतांना भारी कॅमेरा आणि मेलेल्यांना खेळणं? तो लेन्स पुसत होता. म्हणाला, "तुमी मोर्चा काढता आन घरी जाता. मला परवा तिच्याच दुसऱ्या नातीच्या हळदीला जायचंय."

मयतीचं काम तो फुकट करतो. आमच्याकडं पेटीभोवती घरच्यांना उभं करून एक फोटो घ्यायची रीत आहे, आणि झाकण लावण्याआधी चेहऱ्याचा एक. मुंबई-पुण्याला गेलेली, आखातात गेलेली लेकरं वेळेत पोचत नाहीत, त्यांना तेवढंच दर्शन. दानीएल इस्त्रीचा पांढरा सदरा घालून येतो, चपला बाहेर काढतो, छोटा कॅमेरा छातीशी धरतो आणि त्याचा मागचा पडदा आत दुमडून टाकतो. फोटो कसा आला ते तिथं बघत नाही. मेलेल्या माणसासमोर उभं राहून पडद्यात डोकावणं म्हणजे जेवणाऱ्याच्या ताटात वाकून बघणं, असं त्याचं म्हणणं. अंदाजानं धरतो, बटण दाबतो, मान खाली घालून बाजूला होतो.

गेल्या वर्षी एका मयतीत कोणा भाच्यानं मावशीचा, नाकात कापूस घातलेला फोटो मोबाईलच्या स्टेटसला टाकला. दुपारपर्यंत तो तालुकाभर फिरला. माझं डोकं सणकलं. चर्चच्या कमिटीत टेबलावर हात आपटून मी ठराव करून घेतला: मयतीत मोबाईल बंद, फोटो फक्त दानीएल काढणार. पाळकसाहेबांनी एक जोड दिली, की प्रार्थनेत त्या कॅमेऱ्याची टकटक नको. दानीएलनं मुकाट्यानं छोट्याचा आवाज बंद केला. त्यात तशी सोय आहे, सायलेंट मोड म्हणतात.

यंदा मे महिन्यात सायमन मास्तर गेले. आम्हा दोघांना बाराखडी शिकवलेले मास्तर. नगरला दवाखान्यात होते, अंगात पाणी झालं होतं. त्यांची एकुलती लेक जास्मिन कुवेतला नर्स आहे. ती कळताक्षणी निघाली, पण मस्कतला तिचं पुढचं विमान हुकलं. डॉक्टर म्हणाले, अंग सुजतंय, फार थांबू नका. मयत घरी न नेता सरळ चर्चमध्ये आणली. चार वाजेपर्यंत वाट पाहिली. मास्तरांच्या मंडळी, सत्यशीलाबाई, दाराकडं बघत बसल्या होत्या. शेवटी त्यांनीच पाळकांना मान हलवून खूण केली. झाकण लागलं, पेटी मातीत गेली, तेव्हा जास्मिन विमानात होती.

एरवी चेहऱ्याचे फोटो घरीच होतात; या वेळी पेटी तासभर उघडी होती ती चर्चमध्येच. नाताळाला तरुण मंडळानं जुन्या ट्यूब काढून नव्या एलईडी लावल्या होत्या, लखलखीत. दानीएलनं एकसष्ट फोटो काढले. कधी इतके काढत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला, भाऊ, दुकानात या. मला वाटलं कोणी त्याच्यावर हात टाकला. गाडी काढून गेलो. तो संगणकासमोर बसला होता. पडद्यावर मास्तर होते आणि त्यांच्या तोंडावरून आडवे काळे पट्टे गेलेले. एक डोळ्यांवरून, एक ओठांवरून. पुढच्या फोटोत पट्टे सरकून कपाळावर आणि हनुवटीवर. तिसऱ्यात नाकावर. एकसष्टच्या एकसष्ट तसे. गजाआडून बघावं तसे मास्तर.

मी आधी दानीएललाच शिव्या घातल्या. त्यानं ऐकून घेतल्या. मग मंडळाच्या पोरांना फोन लावला, कसल्या भिकार ट्यूब आणल्या म्हणून. मग कंपनीच्या नंबरला. हे बटण दाबा, ते बटण दाबा करून एक बाई लागली. ती फार गोड बोलत होती. म्हणाली, सर, सायलेंट मोडमध्ये काही दिव्यांखाली असं होऊ शकतं, पुस्तिकेत दिलेलं आहे. दानीएलनं कपाटातून पुस्तिका काढली. होतं. बारीक अक्षरात, पण होतं. त्यांचीच परिपत्रकं तोंडावर मारून मी आजवर साहेब लोकांना गप्प बसवत आलोय. त्या पुस्तिकेनं मला बसवलं.

दुपारी जास्मिन पोचली. आईच्या गळ्यात पडायच्या आधी तिनं मला विचारलं, फोटो काढले ना? मी म्हटलं, काढले, नगरला पाठवलेत, नीट करून येतील. हे खोटं मी इतक्या सहज बोललो की माझं मलाच नवल वाटलं.

लगेच दानीएलला गाडीवर घालून नगरला हर्षलकडं गेलो. हर्षलचा मोठा स्टुडिओ आहे, चार-चार कॅमेरे आहेत, पोरगा मनानं सरळ. त्यानं फोटो बघितले आणि जीभ चावली. मग समजावून सांगितलं. हे दिवे एका सेकंदात शंभरदा लुकलुकतात, आपल्या डोळ्याला दिसत नाही. छोटा कॅमेरा चित्र वरून खाली, ओळी-ओळीनं वाचतो. दिवा मिटला तेवढ्या ओळी काळ्या. "काकांचा मोठा कॅमेरा हेच झटक्यात वाचतो," तो म्हणाला, "त्याला पट्टे आलेच नसते. किंवा छोट्याचंच साधं शटर वापरलं असतं तरी चाललं असतं. टकटक झाली असती, एवढंच."

दानीएल खाली बघत होता. मीही.

हर्षलनं तासभर खपून एक फोटो साफ केला. पट्ट्याखालचा चेहरा त्यानं मास्तरांच्या जुन्या फोटोंवरून भरून काढला. मास्तर शांत झोपलेले दिसत होते. फार शांत. सूज नव्हती. डाव्या भुवईत शाळेची घंटा लागून पडलेली खाच होती, तीही नव्हती. मी म्हटलं, झकास, दे हाच.  आम्ही गाडीवर परत निघालो, घोडेगाव आलं. तेव्हा दानीएल मागून म्हणाला, "त्यो मानूस मास्तर न्हाई, भाऊ."

मी म्हटलं, तिला काय कळणार आहे.

"तिला न्हाई कळायचं. म्हनून तर देववत न्हाई."

तिसऱ्या दिवसाची प्रार्थना घरीच झाली. लोक उठून अंगणात जेवायला गेले. आत सत्यशीलाबाई, जास्मिन, दानीएल आणि मी. दानीएलनं लॅपटॉप उघडून जास्मिनच्या पुढ्यात ठेवला. मी हर्षलचा फोटो खिशातल्या पेन ड्राइव्हमध्ये घेऊन बसलो होतो. पण यानं मूळचे लावले. पट्ट्यांचे. काय झालं, कसं झालं, सगळं तिला सांगितलं, एकही शब्द स्वतःच्या बाजूनं न घालता.

ती एकेक बघत गेली. सगळे. मधे कुठं थांबली नाही. शेवटचा झाल्यावर विचारलं, मोठा कॅमेरा कुठं होता?

"दुकानात," दानीएल म्हणाला. "चार दिवसांनी हळदीचं काम हुतं."

तिनं मान हलवली. तिच्या लग्नात तोच मोठा कॅमेरा होता. मला ते आठवलं आणि तोंडातून निघून गेलं. म्हटलं, बाळ, तुझ्या लग्नातले अप्पांचे फोटो बघ ना, किती सुरेख आलेत, चेहरा अगदी स्पष्ट.

"ते जिवंतपणीचे आहेत, काका." ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं, पण ती वॉर्डात बोलतात तशी हळू बोलत होती. "माझ्या वॉर्डात माणसं जातात, तेव्हा नातेवाइकांसाठी चादर मी स्वतः बाजूला करते. ज्यांना चेहरा बघायला मिळत नाही ते घरी जात नाहीत. जिन्यात बसून राहतात. मला अप्पा गेलेले बघायचे होते."

मी पेन ड्राइव्ह खिशातच दाबून धरला.

मग ती मला म्हणाली, "तुमचं सगळ्या ऑफिसांत जाणं असतं. पेटी उघडता येते का?"

सत्यशीलाबाईंनी पदर तोंडात धरला. मला कायदा पाठ आहे. दंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागतो. तो मिळतो मृत्यूत संशय असला तर. सोबत पोलीस, डॉक्टर, पंचनामा. मुलीला एकदा बघायचं आहे, याला कुठल्याच कागदावर रकाना नाही. पण नाही म्हणायची माझ्या जिभेला सवय नाही. मी म्हटलं, अर्ज करून बघू. सत्यशीलाबाईंच्या कोनाड्यातली वही ओढली, पेन काढलं, प्रति लिहिलं, खाली विषय लिहिलं.

"किती दिवस लागतील?" तिनं विचारलं.

विषयापुढं काही सुचत नव्हतं. मे महिना, तिसरा दिवस. नर्सला ते मी काय सांगणार होतो.

"मग राहू द्या," ती म्हणाली.

दानीएल इतका वेळ उभाच होता. तो म्हणाला, "जास्मिन, मला चार शिव्या दे."

"तुला काय शिव्या देऊ, दानीदादा. जेवून जा."

तो अंगणात पंगतीला बसला. वाढलेलं सगळं त्यानं खाल्लं, एक घास न टाकता, आणि ताट धुवून ठेवलं.

आठ दिवसांनी ती कुवेतला परत गेली. छोटा कॅमेरा खालच्या कप्प्यातच आहे. आता मयतीला दानीएल येतो तो मोकळ्या हातानं. मंडळी विचारतात, कॅमेरा विसरलास का? तो हो म्हणतो. एकदा त्यानं मला विचारलं, भाऊ, मोठा न्यावा का इथून पुढं? ने म्हणणं सोपं होतं. पण दिवाळीनंतरच्या त्याच्या सगळ्या तारखा हळदीच्या आहेत, आणि छबूबाई आपल्यापैकी कोणाच्याही आधी जाईल असं दिसत नाही. नेऊ नको म्हणायची मला लाज वाटली. मी विषय बदलला.

रविवारी उपासना झाली की तो सत्यशीलाबाईंकडं जाऊन बसतो. त्याच वेळी जास्मिनचा फोन येतो, सत्यशीलाबाई तो स्पीकरवर लावतात. ऊन, पाऊस, पाणी आलं का, सगळं विचारून होतं. मग मास्तर होते तेव्हासारखंच ती विचारते, अप्पांनी गोळी घेतली का? सत्यशीलाबाई काहीच बोलत नाहीत, आणि पलीकडून तीही बोलत नाही. दानीएल ते ऐकत बसतो. फोन ठेवेपर्यंत उठत नाही.