वाडीतले मिक्सर आणि माझा एसएसडी

आधीच सांगून ठेवतो, या गोष्टीत मी सोडून बाकी सगळे शहाणे आहेत. तेव्हा मध्येच "अहो, पण तुम्हाला कळलं कसं नाही?" असं विचारू नका. कळलं असतं तर चहाबरोबर सांगायला काय उरलं असतं?

मी रोजनिशी लिहिणारा माणूस. पाऊस कधी लागला, गॅस कधी बदलला, काजूला मोहोर कधी आला, सगळं टिपतो. कॉम्प्युटरही व्हिडिओ बघून बघून स्वतःच शिकलो. जुन्या हार्ड डिस्कचा भरवसा वाटेना, तेव्हा महत्त्वाचं सगळं ठेवायला मी एक एसएसडी मागवला. हार्ड डिस्कचाच धाकटा, चपळ भाऊ. पत्त्याच्या पानाएवढा. आणि तो बसवलाही मीच!

सीपीयूच्या डब्यात त्याला बसायला नीट जागा नव्हती. मग काय, मासे गरवायचा तंगूस, तो नायलॉनचा दोरा, घरात होताच, त्याने बांधून टाकला. पावसाळ्यात आमच्याकडे जमिनीला ओल सुटते, म्हणून तो डबा टेबलाखाली जेवायच्या पाटावर आडवा ठेवला. नीटनेटकं काम! बायकोला मुद्दाम बोलावून दाखवलं.

"बरा आसा," सुलभा म्हणाली. "पण कुडाळाक न्हेल्यात असता तर?"

"दुकानवाले काय वेगळं करतात?" मी म्हणालो.

हे वाक्य लक्षात ठेवा.

चतुर्थीत आमच्या वाडीतल्या बायकांनी फुगड्यांचा व्हिडिओ केला. तालुक्याची स्पर्धा होती, शनिवारपर्यंत व्हिडिओ पाठवायचा होता. फुगड्याही अशा रंगल्या की विचारू नका! म्होरक्या शेवंताकाकी, आमच्या शेजारच्या. या वयात तरण्या सुनांना चक्कर आणतात. व्हिडिओ सुलभाच्या मोबाईलवर होता आणि मोबाईल भरलेला. मी म्हटलं, आण इकडे. व्हिडिओ एसएसडीवर घेतला आणि मोबाईलवरचा उडवून टाकला.

"उडवल्यात?" ती दचकली.

"अगं, आता तो बँकेत ठेवल्यासारखा आहे!"

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओ पेनड्राइव्हवर घ्यायला बसलो. कॉपी सुरू झाली. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. स्वयंपाकघरात सुलभाने वाटपाला मिक्सर लावला. ओलं खोबरं, धणे, मिरची. बांगड्याची कढी होणार हे कळलं आणि मी खुर्चीत सैल झालो. तेवढ्यात टिंग! पट्टी थांबली. एसएसडी गायब! स्क्रीनवर त्याचं नावनिशाण नाही.

खाली वाकून बटण दाबलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. एसएसडी हजर! जसा काही बाजारात जाऊन आला.

संध्याकाळी पुन्हा तेच. मी म्हटलं, खारी हवा! डबा उघडला, सगळ्या पिना पुसल्या, ओल शोषून घ्यायला आत तांदळाची पुरचुंडी ठेवली. सकाळी आत मुंग्या. मुंग्या काढल्या, केबल बदलली, डबा लावला. दुपारी कॉपी लावली. मिक्सर फिरला. टिंग!

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. मिक्सर! काल मिक्सर, आज मिक्सर!

"सुलभा, बंद कर तो!" मी ओरडलो. "तुझा मिक्सर वीज ओढतो आणि माझा एसएसडी बंद पडतो!"

"माझो मिक्सर? लग्नात दिलेलो तो?"

"तोच!"

तिने मिक्सर पुसून फडताळात ठेवला आणि पाटा-वरवंटा काढला. त्या पुसण्यात काय काय होतं, ते लग्न झालेल्यांना सांगायला नको.

घसाघसा वरवंटा सुरू झाला, इकडे कॉपी सुरू झाली. पट्टी अर्ध्यावर गेली. झालं काम, म्हणून मी जरा मागे रेललो. टिंग!

आता पाट्याला काही वायर नसते. दुसरा कोणी असता तर इथे थांबून विचार केला असता. मी म्हटलं, हादरे! भिंतीतून हादरे येतायत!

"म्हणजे आता पाटोव नको?" सुलभाने विचारलं.

"कॉपी होईपर्यंत."

"मग आज बांगडे नुसत्या पाण्यात उकडतंय."

तसेच उकडले. मी जेवलो. एसएसडीसाठी मालवणी माणसाने केलेला तो सगळ्यात मोठा त्याग!

जेवून पुन्हा बसलो. घर एकदम शांत. कॉपी लावली, सुपारीचं खांड तोंडात टाकलं, मागे रेललो. टिंग!

मी कान टवकारले. कुंपणापलीकडून आवाज येत होता. घर्र्र... शेवंताकाकींचा मिक्सर! अरे, आमची सगळ्यांची लाईन एकाच खांबावरून! आता सगळं जुळलं!

इथून पुढे मला थांबवायला कोणीतरी हवं होतं. मी चपला घातल्या आणि काकींकडे गेलो.

"काकी, उद्या जरा वाटप करू नका."

काकी मिक्सरचं भांडं हातात घेऊन बघतच राहिल्या. "कित्याक रे विनायका? कोण गेलो?"

"कोणी गेलं नाही. तुमच्या फुगड्यांचा व्हिडिओ अडकलाय."

"माझ्या मिक्सरात?"

मी त्यांना वीज समजावून सांगितली. कागदावर खांब काढून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "तुका रे, पित्त झाला आसा. कोकम खा." मी तसाच पुढच्या घरी गेलो. मग त्याच्या पुढच्या. वाडीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितलं, उद्या दुपारपर्यंत मिक्सर बंद. आणि का, तेही सांगावं लागलं. म्हणजे व्हिडिओ अडकलाय आणि मोबाईलवरचा मी उडवलाय, हे दोन्ही गावभर!

उजाडला शनिवार. सकाळीच अंगणात बायकांचा घोळका.

"भावोजी, आमची फुगडी खंय आसा?"

"परत घालू म्हटला तरी जमूचा नाय. सुनो गेल्यो पुण्याक!"

"मोबायलातला कित्याक उडवल्यात ओ?"

सुलभा दारात उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती. आता खरं सांगतो, एसएसडी गेला असता तर मी दुसरा घेतला असता. पण या सगळ्या जणींसमोर तिला मान खाली घालावी लागत होती, आणि ती माझ्यामुळे.

घोळक्याच्या मागून तात्या आले. देवळात असो, घरात असो, सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायला आमच्याकडे तात्याच. काकींनीच आणले होते त्यांना.

"तात्या, हे इलेक्ट्रॉनिक आहे," मी म्हणालो.

"आसांदे. देवाक सगळा कळता. नारळ हाड."

आता नाही कसं म्हणणार? टेबलावर नारळ ठेवला. तात्या म्हणाले, "तुझा काय ता सुरू कर नि हात जोडून उभो रव." मी कॉपी लावली आणि हात जोडून उभा राहिलो.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बायकांनी खोली दणाणून सोडली.

"आज ह्या तुझ्या लेकरान, आपणाक मोठो शाणो समजान, आयाबायांची फुगडी डब्यात कोंडून ठेवलेली आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या हातून काय चुकला माकला आसात, ता पोटात घाल, नि डब्यात जा काय शिरला आसा, ता वाटेक लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी डोळे किलकिले करून बघितलं. पट्टी चालली होती! अर्ध्यावर आली. अर्ध्याच्या पुढे गेली! आजवर इतकी कधीच गेली नव्हती. बायका नाचायच्याच बाकी राहिल्या. तात्यांनी मिशी पुसली.

मलाही भरून आलं. "सुलभा," मी मोठ्या मनाने म्हणालो, "आता लाव मिक्सर! सगळ्यांना सोलकढी कर. आता काही होत नाही!"

बिचारीने फडताळातून मिक्सर काढला. घर्र्र... मी खुर्चीत टेकलो, हुश्श केलं, रेललो.

टिंग!

सुलभाने मिक्सर थांबवला. सगळ्या स्क्रीनकडे बघत होत्या. शेवंताकाकी मात्र टेबलाखाली बघत होत्या.

"रे विनायका," त्या म्हणाल्या, "पाय खंय आसत तुझे?"

मी खाली पाहिलं. माझे दोन्ही पाय, टाचेवर टाच ठेवून, सीपीयूच्या डब्यावर. पाटावर आडवा ठेवलेला डबा म्हणजे मोठं सोयीचं पायस्टूल हो! आणि टाचांखाली पत्रा चांगला वाटीएवढा खोल दबलेला. त्या वाटीच्या बरोबर खाली काय होतं? तंगुसाने बांधलेला माझा एसएसडी, आणि त्याची केबल.

"पाय खाली घी," काकी म्हणाल्या. मी घेतले. वाकून बटण दाबलं. एसएसडी हजर.

"सुलभा, लाव गो मिक्सर." घर्र्र... एसएसडी जागच्या जागी.

"आता पाय वर."

टिंग!

"परत एकदा, परत एकदा!" मागून कोणीतरी म्हणालं. "माका दिसला नाय!"

मला ते परत करून दाखवावं लागलं. मागच्या बायकांसाठी आणखी एकदा. दशावतारी नाटकात राक्षसाला एवढा मान मिळत नाही!

म्हणजे बघा, मिक्सरचा आवाज आला की कढीच्या आशेने माझे पाय वर. कॉपी लागली की आता काम नाही म्हणून पाय वर. बटण दाबायला वाकलो की पाय खाली, की लगेच एसएसडी हजर. आणि तात्यांच्या गाऱ्हाण्यात मी हात जोडून उभा, म्हणून पट्टी चालली! रोजनिशीत वीज, हवा, मुंग्या, वरवंटा, सगळ्यांची नोंद होती. पायांची नव्हती.

मग कॉपी झाली. मी खुर्चीत, काकी शेजारी पाटावर, माझ्या गुडघ्यांवर नजर ठेवून. व्हिडिओ वेळेत गेला. सुलभा सोलकढीचा पेला घेऊन आली, माझ्या हातात दिला आणि इतकंच म्हणाली, "लग्नातलो आसा तो मिक्सर."

तात्या मात्र सोडणाऱ्यातले नव्हेत. त्यानंतर देवळात जत्रेचं गाऱ्हाणं होतं. सगळा गाव हात जोडून उभा. तात्यांनी शेतीभाती मागितली, मुंबईकरांना सुखरूप ठेव म्हणाले, आणि मग घसा खाकरला.

"नि ह्या आमच्या विनायकाक, पाय जमनीर ठेवची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज सुलभाचा होता. त्याच्या खालोखाल माझा.