मचाणावर गेलेली बाज

शिकारीसाठी निजायची बाज निवडावी लागते, हे आजच्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. आम्ही निवडायचो. देश स्वतंत्र होऊन वीस-बावीस वर्षं झाली असतील. रानडुकरं मारायला आजच्यासारखी बंदी नव्हती, आणि वडिलांच्या मागे पिकाच्या राखणीची ठासणीची बंदूक माझ्या नावावर झाली होती. बंदूक नावावर झाली म्हणजे आपण शिकारी झालो, असं मला वाटत होतं. नेम धरून मी तोवर एक नारळ पाडला होता, तोही शेजाऱ्याचा.

रोह्याच्या अलीकडे, निडीच्या बाजूला आमचं गाव. भात कापून झालं की त्याच ओलीवर आम्ही वाल पेरायचो. शेंगा भरल्या की डोंगरातून डुकरं उतरायची आणि जेवढं खायची त्याच्या तिप्पट उकरून टाकायची. आदल्या वर्षी आम्ही बांधावरच्या ऐनावर बांबूंचं पक्कं मचाण घातलं होतं. डुकरांनी दोन दिवसांत ते झाड ओळखलं आणि शेताच्या दुसऱ्या टोकाने यायला लागली.

डोंगराच्या पायथ्याला कातकऱ्यांची वाडी होती. तिथल्या एका म्हाताऱ्याला सगळं गाव मामा म्हणायचं. रानाची त्याच्याइतकी माहिती कुणालाच नव्हती. त्याने मला सांगितलं की मचाण आज या झाडावर तर उद्या त्या झाडावर पाहिजे, म्हणून सरळ घरातली एक बाज काढ. ती हलकी हवी, अरुंद हवी म्हणजे फांद्यांच्या बेचक्यात बसेल, आणि मुख्य म्हणजे कुरकुरणारी नको. शिवाय ती उलटी बांधायची, पाय आभाळाकडे करून, म्हणजे त्या चार पायांना डहाळ्या बांधून आडोसा करता येतो.

घरात बाजा चार. एक वडिलांची, तिच्यावर आता आई निजायची. ती उचलायला दोन गडी लागायचे. दुसरी ओटीवरची, पाहुण्यांची. तिच्यात ढेकूण इतके की पाहुणा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने जायचा. तिसरी माझी. माझं लग्न त्याच वर्षी झालं होतं आणि सासऱ्यांनी बारीक सागवानी चौकटीची, पांढऱ्या नवारीच्या पट्ट्यांनी विणलेली बाज दिली होती. चौथी आत्याची.

आत्या म्हणजे वडिलांची बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हा कडेवर मुलगी आणि मागे गड्याच्या डोक्यावर ही बाज, एवढं घेऊन ती माहेरी आली. बाज तिच्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने काथ्याने विणलेली होती. वीण सैल झाली की आत्या स्वतः बसून ती ताणायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. मुलीचं लग्न पेणजवळ जोह्याला करून दिल्यावर तिचं म्हणावं असं आमच्या घरात ती बाज सोडून काहीच उरलं नव्हतं. वडील होते तोवर ती या घरची लेक होती. ते गेल्यावर ती कोण, हा प्रश्न कुणी काढला नव्हता इतकंच.

मी आधी माझी बाज उचलून पाहिली. एका हाताने उचलली गेली. हलवली, तर आवाज नाही. मामाने सांगितलेल्या सगळ्या गुणांची बाज माझ्याच खोलीत होती. पण नवार झाडावर मळेल, सालीने फाटेल, सासरचे काय म्हणतील, आणि नव्या बायकोला घेऊन जमिनीवर निजायचं का, असं सगळं डोक्यात आलं आणि मी ती हळूच जागेवर ठेवली. मग आत्याची उचलली. ती माझ्या बाजेपेक्षा जडच होती. तरी मी आईला सांगितलं, हीच हलकी आहे.

आत्या तेव्हा घरामागच्या परड्यात वाल निवडत बसली होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी मारली नाही. आपल्याच घरातली वस्तू घ्यायला विचारायचं काय, असं मनाशी म्हणालो. आज सांगतो, ती नाही म्हणेल याची मला भीती नव्हती. ती हो म्हणाली असती, आणि ते ऐकायला मला तिच्यासमोर उभं राहावं लागलं असतं.

अंगणात मामाने बाजेकडे पाहिलं आणि विचारलं, "म्हातारीची ना ही? इचारलंस तिला?"

"व्हय," मी म्हणालो.

तो बाजेचं मागचं टोक धरायला वाकला. बाज उलटी करून आम्ही डोक्यावर घेतली, पुढे मी, मागे तो, आणि पुढच्या दाराच्या वाटेने बाहेर पडलो. आता आमच्या गावात एक रीत होती, आणि ती मला ठाऊक होती. माणूस गेलं की त्याची बाज पाय वर करून पुढच्या दाराने काढतात आणि नदीकडे नेतात. ती परत घरात घेत नाहीत. आमच्या वालाच्या शेताची वाट आणि नदीची वाट वडापर्यंत एकच. पण शिकारीच्या नादात असलेल्या माणसाच्या डोक्यावर बाज असते, डोक्यात काही नसतं.

वाटेत एका म्हातारीने मला पाहून कपाळाला हात लावला. मला वाटलं, ऊन लागतंय. दोन बाप्ये ओट्यावरून उठले आणि मान खाली घालून थोडं अंतर मागे चालत आले. मला वाटलं, डुकराच्या वाट्यासाठी आतापासूनच आलेत, आणि मला रागसुद्धा आला. वडाच्या अलीकडेच ते एकमेकांत काहीतरी बोलले आणि घाईने आमच्या घराकडे फिरले.

आम्ही शेताच्या वरच्या टोकाला उंबरावर बाज चढवली. मामाने दोर आवळले, चारी पायांना डहाळ्या बांधल्या. मी बंदूक ठासून वर बसलो. बाज उलटी असली तरी मी बसताच काथ्याच्या विणीत मध्ये एक खोलगट जागा झाली, आत्याच्या अंगाएवढी. माझं अंग काही केल्या तिच्यात मावेना. ऊन उतरलं, सावल्या लांबल्या, आणि खालच्या झुडपात खसखस झाली. मामाने बाजूच्या फांदीवरून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तेवढ्यात बांधावरून शेजारच्या घरातला एक जण ओरडत आला.

"उतर रे खाली. तुजी आत्या गेली."

डुकरं पळाली. मी झाडावरून उतरलो की पडलो ते आठवत नाही. गुडघा फुटला होता हे घरी पोचल्यावर कळलं. धावताना माझ्या मनात काय होतं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. ती बाजेवाचून जमिनीवर गेली असेल, हा पहिला विचार. आणि तिची बाज मी नेली हे आता सगळ्यांना कळेल, हा दुसरा. रडू त्यानंतर आलं. लहानपणी मला न्हाऊ घालणारी, तापातून उठवणारी, माझ्या ताटात गुपचूप तुपाची धार सोडणारी बाई गेली असं समजूनही मला आधी माझंच तोंड कसं लपवायचं याची चिंता पडली होती.

अंगण भरलं होतं. बायका गळा काढून रडत होत्या. बाप्ये तिरडीला बांबू कुणाच्या बेटातले आणायचे ते ठरवत होते. आणि ओटीच्या पायरीवर, मांडीवर वालाचं सूप घेऊन, आत्या बसली होती.

परड्यातून रडणं ऐकून ती पुढे आली होती, आणि कोण गेलं म्हणून तिनेच विचारलं होतं. त्या गलक्यात कुणी वळून पाहिलं नव्हतं. नंतर कळलं की आत्या पायरीवर येण्याआधी एक बाई माझ्या आईला म्हणत होती, "सुटली गो बिचारी. तुमी पन सुटलात." आत्या तेव्हा दाराच्या आत उभी होती. आईने त्यावर काही उत्तर दिलं नव्हतं. बाज मचाणाला गेली हे ठाऊक असूनही, परड्यात खरंच काही झालं असं वाटून आई दचकली असेल, तिला सुचलं नसेल. पण दिलं नव्हतं हे खरं.

मग सगळा उलगडा झाला आणि लोक हसायला लागले. कुणी म्हणालं, आत्याला आता शंभर वर्षं आयुष्य. माझ्या बायकोने सगळ्यांना चहा केला. मीसुद्धा हसलो, मोठ्याने हसलो, कारण हसलं नाही तर लोक माझ्याकडे बघतील असं वाटत होतं. आत्या वाल निवडत राहिली. किडका वेगळा, चांगला वेगळा.

सकाळी मी बाज खांद्यावर घेऊन आलो. आत्या दारात आडवी उभी राहिली. ती रागावली नव्हती. तिने सांगितलं की बाहेर गेलेली बाज आत येत नाही, घराला बरं नाही, नवी सून आली आहे. माझ्या घराचं बरंवाईट ती बघत होती. मी ती बाज परत शेतावर नेऊन टाकली, आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. माझी बाज तिला द्यावी हे तेव्हाही तोंडातून निघालं नाही.

दुपारी तिची मुलगी जोह्याहून आली. एस.टी.तून निरोप पेणपर्यंत गेला होता, आणि तो खोटा असल्याचा निरोप मागून निघाला होता. ती रडतच अंगणात शिरली, आईला चुलीपाशी पाहिलं आणि तिथेच खाली बसली. सगळं कळल्यावर तिने माझ्याकडे पाठ केली. आपल्या आईला म्हणाली, चल माझ्याकडे. आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी थांब म्हणायची ती वेळ होती. मी म्हणालो, थोडे दिवस जाऊन ये, बरं वाटेल.

आत्या गेली ती तिकडेच राहिली. त्या वर्षी डुकरांनी निम्मे वाल खाल्ले. मी बंदूक परत उचलली नाही.

दोन वर्षांनी मी पेणच्या बाजारातून एक बाज घेतली. सुताराकडे चार-पाच पाहिल्या, एकेक उचलून, हलवून, आवाज येतो का बघून. एस.टी.च्या टपावर टाकली आणि जोह्याच्या फाट्यावर उतरलो. या खेपेला ती मी पाय खाली करून डोक्यावर नेली. बाजेचे पाय खांद्यांना आपटत होते, भातखाचरांच्या बांधावरून चालताना दोनदा अडखळलो, लोक हसत होते. हसू दे म्हटलं.

आत्या पडवीत चटईवर बसली होती. केस पार पांढरे झाले होते. तिने माझी, आईची, सुनेची, सगळ्यांची चौकशी केली. मग उठून बाजेपाशी आली, चौकटीवरून हात फिरवला आणि एका हाताने तिचं एक टोक वर उचललं. त्या दिवशी मी उचललं होतं अगदी तसंच.

"हलकी हाय," ती म्हणाली. "तुज्या बाजेवानी."

मी चौकटीवरची धूळ पुसू लागलो.

"परड्यातून तुजी खोली दिसते रे. आधी तुजी उचललीस. मंग ठेवलीस."

एवढंच बोलून तिने मुलीला हाक मारली आणि बाज अंगणात उन्हाला लावायला सांगितली. तिच्यावर एक जुनं लुगडं अंथरलं आणि टोपलीतले ओले वाल त्यावर पसरायला बसली.

"चांगली हाय," माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "वाल सुकवायला बरी झाली."

मीही समोर बसून वाल पसरू लागलो. तिने नको म्हटलं नाही.