एकतीसचे नऊ

सत्याच्या बाबतीत मी कधी कोणाची भीड ठेवलेली नाही. हे वाक्य आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत माझ्या फोटोखाली छापलेलं आहे. ते मीच लिहून दिलं होतं — फोटोखाली काहीतरी हवं म्हणून. आता जे सांगणार आहे ते मात्र मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, धाकट्या बहिणीला नाही. आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच.

गोष्ट एका संगणकाची आहे. म्हणजे — तशी ती संगणकाची नाही. पण तिथून सुरुवात केली की मला जरा धीर येतो.

मुलुंड पूर्वेला आम्हा कोकणातल्या लोकांचं एक मंडळ आहे. सोसायटीच्या तळमजल्यावर एक खोली, तिच्यात पुस्तकांची दोन कपाटं, जुन्या करंडकांचं एक, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर तो संगणक. दर रविवारी सकाळी दहा ते एक तिथे वधूवर सूचक केंद्र चालतं. केंद्र म्हणजे मी. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मला खरं तर पुस्तकांच्या कपाटांची किल्ली हवी होती. किल्ली हवी तर पत्रिका जुळवायचं कामही घ्या, अशी अट निघाली. पत्रिकेवर माझा काडीइतका विश्वास नाही. पण माणसाने पुस्तकांसाठी काय काय केलेलं आहे, त्यापुढे हे काहीच नव्हतं.

काम सोपं. मुलाची आणि मुलीची जन्मतारीख, वेळ, गाव टाकायचं. संगणक जरा विचार केल्यासारखा घरघरतो आणि छत्तीसपैकी किती गुण जुळले ते सांगतो. अठरा आले की पास. तो निकाल एका साध्या पानावर उघडतो, ते पान छापायचं, दोन्ही घरांना एकेक प्रत द्यायची.

एकदा एका मुलीचं आडनाव चुकलं होतं, ते दुरुस्त करताना माझ्या लक्षात आलं की त्या पानावर काहीही बदलता येतं. आडनाव बदलता येतं. आकडाही बदलता येतो.

तुम्हाला काय वाटलं, मी लगेच बदलला असेल? नाही. चांगली दोन वर्षं मी ते नुसतं माहीत असण्याचं सुख घेतलं. मग एका जोडीला साडेसतरा आले. मुलगा बाहेर पायरीवर बसून नखं खात होता. मी अठरा केले. बोर्डसुद्धा ग्रेस मार्क देतं. पुढे असे आणखी काही साडेसतरा, एक-दोन सोळा… ते जाऊ द्या. त्यांच्याबद्दल मला काही वाटत नाही. त्यांच्या बारशांचे पेढे मी खाल्लेले आहेत.

मला सांगायचंय ते वेगळं.

आमचे अध्यक्ष नाना. तेव्हाही अध्यक्ष होते, आजही आहेत. मनाने वाईट माणूस नाही; पण माईक दिसला की त्यांचं मन कुठे जातं कोण जाणे. अकरा वर्षांपूर्वीच्या स्नेहसंमेलनात ते ‘स्त्रीशक्तीचा सन्मान’ या विषयावर चाळीस मिनिटं बोलले. ती चाळीस मिनिटं मी त्यांच्या मागे सत्काराचं तबक धरून उभी होते. तबकात शाली आणि नारळ. सात नारळ.

पुढच्याच रविवारी नाना केंद्रात आले, बायकोला घेऊन. त्यांच्या केदारसाठी एक मुलगी पाहिली होती — आमच्याच मंडळातली, नाहूरला राहणारी मानसी. मुलं दोनदा भेटली होती, दोघांनाही पसंत होतं. पत्रिका जुळवायची तेवढी औपचारिकता. खोलीत आणखी चार-सहा माणसं होती. नानांच्या बायकोने माझी विचारपूस केली, किती काम पडतं हो तुम्हाला, वगैरे. तेव्हा नाना हसून म्हणाले, “काम कसलं? संगणकच करतो सगळं. विजूताईंनी नुसतं बटण दाबायचं.”

एकतीस आले होते. छत्तीसपैकी एकतीस, मी पाहिलेल्यांत फार थोड्यांना आलेले.

मी बटण दाबलं. एकदा, दोनदा — तीन आणि एक पुसले गेले. मग नऊ.

नऊच का? माहीत नाही. आठ म्हणजे अतीच वाटलं आणि दहात दम नव्हता.

कागद हातात घेतल्यावर नानांचा चेहरा जो पडला, तो पाहून मला आनंद झाला. झाला, आता नाही कशाला म्हणू? सात नारळांचा भार उतरला. घरी जाऊन मी शिरा केला. मानसी नावाची एक मुलगी या हिशेबात आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं — आणि हे मी सबब म्हणून सांगत नाही. हेच तर वाईट.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, एवढंच ना? चिडून केलेली आगळीक. कोण करत नाही? मीही बरीच वर्षं स्वतःला हेच सांगितलं. वर एक पांडित्यही जोडलं होतं — जी गोष्ट मुळातच खोटी, तिच्यात खोटं घातलं तर बिघडतं काय? वाक्य चांगलं आहे. कोणी ऐकत नसेल तर फारच चांगलं.

पण कबुली ही नाही. ती आणखी तीन आठवड्यांनंतरच्या रविवारची आहे.

मानसी एकटी आली. नानांकडून नकार गेला होता. माझ्यासमोर बसली, मधे टेबल, संगणकाची पाठ तिच्याकडे. पंचवीस वर्षांची, फटकळ, खळखळून हसणारी मुलगी — ती त्या दिवशी पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, “मावशी, परत एकदा बघता का? माझी वेळ चुकली असेल. आई कधी पहाटे सांगते, कधी सकाळी.”

पाहा — किती सोपं होतं. ‘हो गं, वेळच चुकली होती’ एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. तिने स्वतः दार उघडून दिलं होतं. मी ती सगळी माहिती पुन्हा टाकली. सकाळच्या वेळेने एकतीस आले. पहाटेच्या वेळेनेही एकतीसच आले. संगणक सारखं एकतीस-एकतीस सांगत होता, फक्त त्याचं तोंड माझ्याकडे होतं.

मी म्हणाले, नऊच येतायत गं.

का? नाना काय म्हणतील? मंडळ काय म्हणेल? किल्ली जाईल? खरं सांगायचं तर असलं काही मनात आलंच नाही. चूक झाली असं म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून नऊ बाहेर पडलं. भित्रेपणा विचार करून येत नाही, तो सवयीने येतो.

आणि तिने विचारलं, कशात गेले गुण? तर मी — पत्रिकेतलं अक्षर न मानणारी मी — पडद्याकडे बघत, अगदी वाचून दाखवल्यासारखं म्हणाले, “स्वभाव जुळत नाहीत, असं दिसतंय.”

तिने बोटाला गुंडाळलेला पट्टा सोडवला. मग म्हणाली, “मी जरा जास्तच बोलते, ते खरंय.” थँक्यू मावशी म्हणून, खुर्ची नीट टेबलाखाली सरकवून गेली. त्यानंतर कितीतरी महिने ती मंडळात हळू बोलायची. हसताना तोंडावर हात घ्यायची. मी ते बघायचे. चहा प्यायचे आणि बघायचे.

पुढचं सगळं बरं झालं, हे सांगून टाकते. पण ते माझ्या खात्यावर धरू नका. दोन वर्षांनी मानसीने ऑफिसातल्या एका मुलाशी लग्न केलं, पत्रिका न बघता. तिचा आवाजही परत आला, कोणाच्याही मदतीशिवाय. केदारचं लग्न बावीस गुणांवर झालं — खरे बावीस, मी हात लावला नाही. तो दिंडोशीला राहतो, त्याला जुळ्या मुली आहेत. जे झालं ते चांगल्यासाठीच, असं लोक म्हणतात. मला तसं म्हणायची मुभा नाही.

आता संगणकाकडे येते, कारण खरी धमाल तिथेच आहे.

तीन वर्षांपूर्वी मानसी मंडळाच्या कार्यकारिणीवर आली. येताच तिने कोपऱ्यातल्या त्या ठोकळ्याकडे पाहिलं — पडद्यावर तीच ती हिरवी टेकडी, तेच निळं आकाश — आणि भर बैठकीत म्हणाली, “मावशी, ही सिस्टिम बंद पडून जमाना झाला! कंपनीने नाद सोडला हिचा. एक दिवस अशी वाट लागेल ना, कळणारही नाही.” नवीन यंत्र, नवीन सिस्टिम, पत्रिकेचं नवीन सॉफ्टवेअर, सगळा आराखडा तिने मांडला. आणि मग म्हणाली, जुन्या नोंदी फुकट जाणार नाहीत. जन्मतारखा, वेळा, सगळ्या जोड्या तशाच नव्या यंत्रात जातील आणि गुण आपोआप परत मोजले जातील.

सगळ्या जोड्या. परत.

तुम्ही मला त्या तीन वर्षांत बघायला हवं होतं. जुन्या वस्तूंचं महत्त्व या विषयावर मी जे बोलले ते नानांनाही जमलं नसतं. मी म्हणाले, नव्या यंत्रात आपली मराठी अक्षरं चौकोन होऊन येतील. मानसीने मोबाइलवरची मराठी दाखवली. मी म्हणाले, प्रिंटर चालणार नाही. तिने चालवून दाखवला. मी म्हणाले, हा इतका जुना आहे की चोरसुद्धा याच्यात शिरणार नाही, शिरला तरी बाहेर कसं पडायचं ते त्याला कळणार नाही. यावर सगळे हसले आणि विषय सहा महिने पुढे गेला. मी म्हणाले, वस्तू चालतेय तोवर टाकू नये ही आपली संस्कृती आहे. संस्कृती हा शब्द मी स्वखुशीने वापरला. यावरून माझी अवस्था ओळखा.

मानसीला वाटायचं, मावशी नव्याला घाबरते. ती मला फार प्रेमाने समजवायची. रविवारी येऊन माउस कसा धरायचा हेही एकदा सांगितलं. मी माउस मुकाट्याने धरला.

गेल्या एप्रिलमध्ये संगणकाने स्वतःच प्रश्न सोडवला. चालू व्हायला वीस मिनिटं घेऊ लागला, मग अर्धा तास. शेवटी खर्चाच्या नावाने मोडता घालायचं नानांनीही सोडून दिलं आणि ठराव झाला.

नवं यंत्र आलं त्या रविवारी मानसी नोंदी उतरवायला बसली. या वेळी पडदा तिच्याकडे होता आणि समोरच्या खुर्चीत मी. नावं सरकत होती. ती मधूनमधून वाचून दाखवत होती — हे बघा, ही तर आमच्या बिल्डिंगमधली. मी पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होते. हे मला घरी आल्यावर, बोटावरचा वळ बघून कळलं.

आणि ती थांबली.

मी मनात वाक्य जुळवलं. खरंच जुळवलं — ‘मानसी, ते मी केलं.’ चार शब्द. अकरा वर्षं लागली होती त्यांना.

“अय्या, मावशी! हे बघा, माझे आणि केदारचे — एकतीस! तेव्हा नऊ आले होते ना? काय भंगार सॉफ्टवेअर होतं हो ते! म्हणून सांगत होते ना मी, बदला, बदला!” ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. तोंडावर हात न घेता हसली. मग डोळे पुसत म्हणाली, “आणि मी येडी! स्वभाव, स्वभाव करत वर्षभर तोंडाला कुलूप लावून फिरत होते.”

माझे चार शब्द तोंडापर्यंत आले होते. मी म्हणाले, “जुनी यंत्रं अशीच गं.”

बस. अकरा वर्षांत तिसऱ्यांदा. या वेळी तर ज्याला बोलता येत नाही त्याच्यावर ढकललं. त्या संगणकाने सोळा वर्षांत बेरजेची एकही चूक केली नव्हती. पुढच्या आठवड्यात कांजूरमार्गचा एक भंगारवाला त्याला बगलेत मारून घेऊन गेला, तेव्हा मी दारापर्यंत गेले. बाकी कोणी गेलं नाही.

मानसीने ही गंमत सगळ्या मंडळाला सांगितली. वार्षिक सभेत नानाही ‘कालबाह्य यंत्रणा आणि समाजाचं नुकसान’ यावर पंचवीस मिनिटं बोलले. म्हणाले, एका सदोष यंत्रामुळे आमच्या घरी येणारी एक गुणी सून आली नाही. बोलताना त्यांचा आवाज किंचित अडकला. तो माईकचा दोष नसावा. मानसी पहिल्या रांगेत बसून खुसखुसत होती. बदलाच्या काळात केलेल्या मार्गदर्शनाबद्दल माझा सत्कार झाला. तबक मीच धरलेलं होतं, त्यातली एक शाल माझी निघाली.

मानसी अजून रविवारी येते. मला मावशी म्हणते. तिला हे ठाऊक नाही.

नवं यंत्र झकास चालतं. निकालाचं पान त्यातही छापण्याआधी उघडतं, आणि आकडा त्यातही बदलता येतो. जुन्यात त्याला तीन बटणं दाबावी लागत, यात दोनच.