पद्माकररावांची पार्लमेंट

पद्माकरराव जर्मनीत वोल्फ्सबुर्गला गाड्यांच्या दारांना लागणाऱ्या रबरावर काम करत. कारखान्यातल्या मीटिंगमध्ये त्यांच्या वाट्याला वर्षानुवर्षं "या, गेनाऊ", म्हणजे "हो, बरोबर", एवढंच बोलणं यायचं. त्यामुळे आमच्या चौदा सभासदांच्या मराठी मंडळाचं अध्यक्षपद म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

२००५ साली त्यांनी जुन्या बाजारातून एक भलंमोठं चित्र आणलं: अठराव्या शतकातली ब्रिटिश पार्लमेंट. समोरासमोर बाकं, त्यांवर दाटीवाटीने बसलेले पुरुष आणि मधल्या उंच खुर्चीत केसांचा टोप घातलेला अध्यक्ष. ते दिवाणखान्यात लागलं आणि आमचे सुखाचे दिवस संपले. पुढच्या बैठकीला सोफा एकीकडे, जेवणाच्या खुर्च्या दुसरीकडे. बोलायचं तर उभं राहून आधी "अध्यक्ष महाराज" म्हणायचं. अध्यक्षाने मत द्यायचं नाही, हा नियमही त्या टोपवाल्याच्या नावाने आमच्या घटनेत घुसला. मोदक किती करायचे यावर पाऊण तास चर्चा. मी सचिव, प्रोटोकोल, म्हणजे बैठकीचं इतिवृत्त, लिहून लिहून हात मोडून यायचा.

विरोधी बाजूला मात्र कुणी बसेना. आमच्याकडे सगळं सर्वानुमते मंजूर होतं. कुरकुर नंतर फोनवर. शेवटी पद्माकररावांनी बायकोलाच सांगितलं, "शोभना, चहा दिलास की तिकडे बस आणि जरा विरोध करत जा."

वहिनी वर्षभर रिकामा ट्रे मांडीवर घेऊन तिकडे बसल्या. २००६ च्या निवडणुकीला त्या उभ्या राहिल्या.

"अध्यक्ष महाराज, या चित्रात एवढी माणसं आहेत, पण यांचा चहा कोण करतंय ते कुठे दिसत नाही. अध्यक्षपदासाठी माझं नाव लिहून घ्या."

पद्माकरराव कौतुकाने आमच्याकडे वळले. "बघा. याला म्हणतात लोकशाही."

चिठ्ठ्या मी मोजल्या. वहिनींना सात, त्यांना सहा. स्वतःचं मत देता आलं असतं तर बरोबरी झाली असती. पद्माकरराव कितीतरी वेळ टोपवाल्याकडे बघत राहिले. मला मनापासून वाईट वाटलं. मत मात्र मी वहिनींनाच दिलं होतं.

वहिनी अध्यक्षांच्या खुर्चीत बसल्या. पद्माकरराव कुणी न सांगता स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ कपाटांची उघडझाप ऐकू आली. मग ते दारात आले.

"अगं, चहाची पूड कुठे असते?"

"अहो, उभे आहातच," वहिनी म्हणाल्या, "तर आधी 'अध्यक्ष महाराज' म्हणा."