पाहुण्याला दाखवायचं गाव

तलासरीला हायवेच्या कडेला आमची भाड्याची गाडी उभी होती आणि आई माझी बॅग पुन्हा उघडून बसली होती. सुके बोंबील कितीही पिशव्यांत गुंडाळले तरी वास बाहेर येतोच, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. पण जन्मभर डहाणूच्या बाजारात मासळी विकलेल्या बाईला वासाबद्दल सांगणार कोण? माझे सासरे शाळामास्तर. ते घरातून नकाशा घेऊन आले आणि गाडीच्या बॉनेटवर पसरून माझ्या बाबांना दाखवू लागले. हा आफ्रिका खंड, हा केनिया, आणि हे किसुमू, जिथे तुमची मुलगी नि आमचा मुलगा चाललेत. बाबा होडीवाले. त्यांचं बोट जमिनीवर थांबेना, ते थेट शेजारच्या निळ्या रंगावर गेलं.

"हा समुद्र कुठला, गुरुजी?"

"समुद्र नाही, तळं आहे. व्हिक्टोरिया सरोवर. किसुमू हे त्याच्यावरचं बंदर."

"तळ्याला बंदर?" बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मला कुणीतरी फसवून नेतंय. आईने मात्र एवढंच सांगितलं, "तोंड मिटून राहू नको बाय. नाय समजला तर विचार." गाडी निघाली तेव्हा आई पदर डोळ्यांना लावून उभी होती आणि बाबा अजून बॉनेट असल्यासारखे हवेत नकाशा धरून त्यात डोकं घालून होते. चारोटी येईपर्यंत मी रडले. मग भूक लागली.

तुम्ही गावाकडच्या मैत्रिणी मला व्हॉट्सॲपवर विचारता, तिथे बघण्यासारखं काय आहे? आणि माझ्यासारख्या लांब गेलेल्या विचारतात, तिथे करमतं का? दोन्हींचं उत्तर एकच निघेल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

नवऱ्याला इथे एका गुजराती शेठच्या स्पेअर पार्टच्या दुकानात हिशेबाचं काम मिळालं ते त्याच्या गुजरातीमुळे. तलासरीच्या पोराला गुजराती वेगळी शिकावी लागत नाही. मी बालवाडीत शिकवते. आईचं ऐकून मी दिसेल त्याला विचारत सुटले, म्हणून स्वाहिली लवकर आली. मटाटू म्हणजे वडापची शेअर गाडी, बोडाबोडा म्हणजे मोटरसायकलची रिक्षा, आणि उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, जो माशाच्या रश्शाबरोबर हाताने खायचा. पहिल्यांदा तोंड वाकडं केलं. आता आठवड्यातून दोनदा रांधते.

आई गेली त्यानंतर बाबा डहाणूच्या घरात एकटे पडले. मी एकुलती एक. होडी त्यांनी चुलतभावाच्या हवाली केली आणि फोनवर सांगितलं, "आता मी रिकामा." त्या शब्दाने माझा जीव कासावीस झाला. मी त्यांना बोलावून घेतलं. व्हिसा थोड्या महिन्यांचा होता, पण मनात पक्कं होतं की माणूस एकदा आला की परत जाऊ द्यायचा नाही. कागदपत्रांचं पुढे बघता आलं असतं. आधी त्यांना हे गाव आवडायला हवं होतं. म्हणून दर रविवारी मी त्यांना काहीतरी दाखवायला नेऊ लागले. टूर कंपनीवाले काय मिरवतील असं मी किसुमू मिरवत होते.

पहिल्या रविवारी डुंगाला गेलो. मासेमारांचं गाव ते. होड्या, जाळी, वाळत घातलेली ओमेना नावाची बारकी चंदेरी मासळी, सगळं ओळखीचं. बाबांनी चपला काढल्या आणि काठापासून लांब, पार वर एका झाडाखाली नेऊन ठेवल्या. मग ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, चूळ भरली, "गोडा हाय गं," म्हणाले आणि बसून राहिले. बराच वेळ झाला.

"बाबा, कशाची वाट बघताय?"

"ओहोटी लागू दे, मग जरा आत चालून येऊ."

आपल्या डहाणूला ओहोटीला पाणी किती लांब जातं ते तुम्हाला ठाऊक आहे. इथे ओहोटी नाही नि भरती नाही, हे मी त्यांना सांगायलाच विसरले होते. डुंगाच्या मासेमारांना मी हा घोटाळा सांगितला तेव्हा ते हसून लोळले. एकाने "म्झे, म्झे" करत त्यांच्या पाठीवर हात फिरवला. म्झे म्हणजे आजोबा, वडीलधारे. बाबाही हसले, पण प्रश्न काही सोडेनात. इतक्या नद्यांचं पाणी येतं, मग जातं कुठे? मी सांगितलं, नाईल नदीतून लांब समुद्राला. "म्हणजे शेवटी समुद्रालाच ना!" त्यांचा चेहरा असा खुलला, जसा काही एखादा दूरचा नातेवाईक भेटला.

मग हिप्पो पॉइंट पाहिला. तिथे पाणघोड्याचे फक्त कान दिसले. बाबांनी कानांवरून बाकीच्या जनावराचा अंदाज हातांनी दाखवला आणि तिथल्या मासेमारांनी मान डोलावली. मासेनोच्या रस्त्यावर विषुववृत्ताची रेघ आहे. तिच्या दोन बाजूंना दोन पाय ठेवून त्यांनी फोटो काढून घेतला आणि विचारलं, "ही रेघ पाण्यातून पण जाते का? मग होडीवाल्याला कळते कशी?" किट-मिकायीला एकावर एक प्रचंड धोंडे आहेत. नावाचा अर्थ पहिल्या बायकोचा दगड. एक म्हातारा रोज त्या दगडांपाशी जाऊन बसायचा, तेव्हा त्याची बायको विचारणाऱ्यांना सांगायची, गेलेत पहिल्या बायकोकडे. वाटाड्याची ही गोष्ट मी मराठीत सांगितली तशी बाबा हसता हसता एकदम थांबले.

"तुझी आई होडीला हेच बोलायची. सवत."

दगडावर ठेवलेला हात त्यांनी बराच वेळ काढला नाही. मीही घाई केली नाही.

त्या रात्री जेवताना त्यांनी उगाली दुसऱ्यांदा मागून घेतली. मी नवऱ्याला डोळ्यांनी खुणावलं, जिंकलो! आणि तेवढ्यात बाबा म्हणाले, "माझा तिकीट कधीचा हाय?"

"आवडलं नाही का इथे?"

"आवडला की. लय आवडला. सगळा बघून झाला."

मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. एवढी धडपड केली ती काय त्यांना गावात जाऊन गप्पा मारायला विषय पुरवावेत म्हणून? विमानतळावर शेठ आले होते, त्यांनी "पाछा आवजो" म्हटलं. इथला सामानवाला म्हणाला, "करीबू तेना, म्झे," म्हणजे पुन्हा या. बाबांनी दोघांना हात जोडले. मला जवळ घेतलं, पण येतो असं काही म्हणाले नाहीत. घरी येऊन त्यांच्या रिकाम्या पलंगावर बसून मी पोटभर रडले.

पुढच्या सुट्टीत मी एकटीच डहाणूला गेले. घरात नवी चादर, नवी बादली, आणि माझ्यासाठी बाटलीबंद पाण्याचा खोका! ज्या विहिरीचं पाणी पिऊन मी वाढले ती अंगणात तशीच होती. सकाळी दारात रिक्षा उभी.

"चल, तुला फिरवतो," बाबा म्हणाले.

आसावलीचं धरण मी जन्मात पाहिलं नव्हतं. डहाणूत राहणारा माणूस धरण बघायला कशाला जाईल? ते मुंबईहून आलेल्यांनी बघायचं. बाबा मला भिंतीवरून चालवत होते, पाणी कुठून येतं ते सांगत होते. घोलवडला त्यांनी मला चिकूची वाडी दाखवली, चिकू कसा तोडतात तेसुद्धा. रिक्षावाला नवा होता, त्याला त्यांनी कौतुकाने सांगितलं, "आफ्रिकेची पाहुणी हाय." त्याने आरशातून विचारलं, "काय ताई, आवडलं का आमचं डहाणू?"

आमचं. मी हो म्हटलं आणि बाहेर बघत बसले. मग न राहवून बाबांना विचारलं, "मी पाहुणी आहे का हो?"

ते खालच्या आवाजात म्हणाले, "घरात आता काय हाय बाय? आई नाय. कंटाळून लवकर जाशील."

किसुमूत मी जे करत होते तेच ते करत होते. माझा इतक्या महिन्यांचा राग तिथे, बोर्डीच्या रस्त्यावर, विरघळून गेला.

रिक्षावाल्याने डोंगराकडे हात केला. "काका, बहरोटच्या लेण्यांच्या पायथ्याशी नेऊ? एवढं बघितलं की ताईंचं सगळं झालं."

"नाय," बाबा घाईने म्हणाले. "ती नको. ती राहू दे."

माझ्याकडे न बघताच त्यांनी ते सांगितलं. 'सगळा बघून झाला' म्हणत त्यांनी किसुमूत तिकीट मागितलं होतं, ते मला आठवलं.

त्यानंतर मी दोनदा गेले. किसुमूत आता हिप्पो पॉइंटवरून मी भाजीची पिशवी घेऊन मान वर न करता जाते, आणि डहाणूत मला रिक्षातून फिरवतात. घर कुठलं म्हणाल तर मला दोन्हींकडे हक्काने उत्तर देता येत नाही. पण बहरोट मी अजून पाहिलेलं नाही. बाबा आहेत तोवर पाहणारही नाही.