व्हिडिओतली बागायतदारीण

दहावीत असताना मी पार्सेतल्या आमच्या काजूच्या बागेत उभी राहून एक व्हिडिओ केला. ‘आम्ही बागायतदारांच्या मुली पहाटेपासून राबतो,’ असं मी त्यात ऐटीत सांगितलं. खरं तर राबायची ती आई. मी बागेत फक्त मोबाइल घेऊन जायची. व्हिडिओ शाळेभर फिरला आणि विज्ञानाच्या बाईंनी जाहीर केलं, “शनिवारी सगळा वर्ग हिच्या बागेत. काम हीच शिकवेल.”

मी रडकुंडीला येऊन आईला सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली. “रडतंस कित्याक? अजून दोन दीस आसत.”

दोन दिवस मी झाडाखाली पडलेले बोंडू, म्हणजे काजूची रसाळ फळं, वेचले आणि त्यांच्या टोकाची बी पिरगळून काढायला शिकले. हात चिकट झाले, कंबर धरली. शनिवारी वर्गापुढे मी रुबाबात पहिला बोंडू पिरगळला आणि रसाची चिळकांडी थेट बाईंच्या पांढऱ्या ओढणीवर उडाली. बाईंनी ओढणी कमरेला खोचली नि त्या म्हणाल्या, “दाखव परत, कसं पिरगळायचं ते.”

निघताना त्यांनी आईला विचारलं, “हिला इतकं छान काम कोणी शिकवलं?”

“तुमीच ना, बाई!” आई म्हणाली.