गालिच्याखालची वायर

“वहिनी, पोरगी तुमची मुकी तर नाही ना?”

मी स्वयंपाकघरात गॅसवर पाणी कोमट करत होते. काकूंना वाटलं असावं, आत ऐकू जात नाही. आई हसली. “इंग्लिश शाळेची हाय. आपल्याशी काय बोलन थे.”

“मंग बोलवा तिले. मशीनचं पुस्तक वाचाच्या कामी येईन.”

शेजारच्या क्वार्टरमधल्या काकू त्या दुपारी दोन मशिनी घेऊन आल्या होत्या. भावाने मस्कतहून आणलेल्या. एक नुसती धूळ ओढणारी. दुसरी सुटकेसएवढी, पुढे नळी आणि नळीला रुंद तोंड. खटका दाबला की ती गालिच्यात साबणाचं पाणी मारायची आणि मळलेलं पाणी परत ओढून घ्यायची. आदल्या दिवशी काकूंनी स्वतःचा गालिचा धुतला होता, आता आमचा धुतल्याशिवाय त्यांना चैन नव्हतं. आईने एकदा नाही म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा म्हणाली नाही. काकूंचे यजमान क्वार्टरांची वीज पाहायचे. क्वार्टरांत स्वयंपाकाच्या हीटरला बंदी होती आणि ते पकडायला फिरणारी जीप त्यांचीच.

आमच्याकडे हीटर होता. तसा तो आमच्या ओळीत बहुतेक घरांत होता, सिलिंडर पुरवून वापरायला. जीप ओळीच्या टोकाशी दिसली की पहिल्या घरातली बाई ताट वाजवायची आणि घरोघर हीटर गरमागरम उचलले जायचे. काकूंच्या येण्याला मात्र कोणी ताट वाजवत नसे. त्या दिवशी आमचा हीटर तांदळाच्या डब्यामागे पोत्याखाली होता. “घरातलं घरात,” हे बाबांचं वाक्य मी शाळेच्या प्रार्थनेआधी शिकले असेन. बाबा प्लांटच्या ऑफिसात क्लार्क होते आणि त्या महिन्यात प्रमोशनची यादी लागायची होती.

मी कोमट पाण्याची बादली घेऊन बाहेर आले. काकू कोरडी मशीन फिरवत होत्या, आधी उभी, मग आडवी. पिशवी उघडली तेव्हा आत काळी भुकटी होती आणि तिच्यात बारीक चमक होती, खिडक्या लावूनही घरात येणारी, प्लांटची. “पाहा, यावर बसून चहा पितो आपण,” काकू म्हणाल्या.

मग त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. “शाम्पू किती टाकाचा, सांग बेटा.”

मी एक बोट वर केलं आणि बाटलीचं झाकण दाखवलं. पुस्तकात शाम्पूच्या मापाखाली सूचना होत्या. एका जागी फार पाणी मारू नका. नळी सावकाश मागे ओढा. आणि तिसरी : खालून विजेची तार गेली असल्यास हे मशीन वापरू नका. ती मी दोनदा वाचली आणि पुस्तक मिटलं.

हीटरची वायर या खोलीतून जाते, हे आईलाही ठाऊक होतं. पण तिच्या लेखी ती भिंतीच्या कडेने होती. “तिकडे राहू द्या, तिथं सोफा येते,” असं म्हणत ती काकूंना भिंतीपासून दूर, बरोबर मधोमध आणत होती. उन्हाळ्यात ती लग्नाला नागपूरला गेली होती तेव्हा बाबांनी कडेची जुनी वायर काढून नवी टाकली. ती लांबीला कमी पडली. म्हणून दुसरा तुकडा जोडून त्यांनी ती गालिच्याखालून तिरपी नेली. जोडाला काळी टेप गुंडाळली. हीटरच्या लोडने फ्यूज उडू नये म्हणून ती मेन स्विचच्याही आधी जोडली होती. मेन बंद केला तरी ती वायर चालूच राहायची. बाबा जोड देत होते तेव्हा टॉर्च मी धरला होता. आई आल्यावर तिला सांगायचं बाबांकडून राहून गेलं आणि माझ्याकडूनही.

पाण्याची मशीन सुरू झाली. तिचा आवाज एवढा होता की आईच्या कानाशी जाऊन कुजबुजणं शक्य नव्हतं. मी आईकडे पाहत राहिले. डोळ्यांनी आत बोलावलं. तिला वाटलं, मला पुन्हा काकूंसमोर बोलायची लाज वाटते आहे. तिने नजर फिरवली.

काकू खटका दाबूनच ठेवत होत्या. लाल गालिचा गर्द होत गेला, चालताना त्यातून पाणी वर यायचं. पारदर्शक टाकीत परत आलेलं पाणी शाईसारखं होतं, आणि तेही गेलेल्या पाण्याच्या मानाने फारच थोडं. बाकीचं कुठे जात होतं, हे त्या खोलीत फक्त मी मोजत होते. जोड खिडकीपासून तीन पावलं. दारापासून पाच. काकूंच्या पायात रबरी चपला होत्या. आई अनवाणी होती.

आई डाग दाखवायला वाकली आणि एकदम पाय उचलला.

“काय झालं?” काकू ओरडून बोलल्या.

“काही नाही. मुंग्या आल्यासारख्या झाल्या पायाले.”

“वय झालं वहिनी. बसून घ्या.”

आई हसली आणि तिने पाय पुन्हा तिथेच ठेवला. मग दुसरा. तळवे चोळल्यासारखे ती ते गालिच्यावर घासत होती. मला बाबांची यादी दिसत होती, त्यांचं नाव असलेली, मग नसलेली. दाराशी जीप उभी. मी पुस्तक छातीशी धरलं होतं आणि त्याचं कव्हर ओलं झालं होतं, माझ्याच हातांनी.

काकूंनी नळी उचलून अर्धं पाऊल पुढे ठेवली. खिडकीपासून तीन. दारापासून पाच. आई तिथेच वाकून उभी होती, एक हात ओल्या गालिच्यावर टेकवायच्या बेतात.

माझा आवाज मशीनच्या वर गेला. तो एवढा मोठा निघतो, हे मलाही माहीत नव्हतं.

“आई, हात लावू नको, बाजूला हो. काकू, मशीन बंद करा. गालिच्याखाली आमच्या हीटरची वायर आहे.”